अपंगत्व भत्त्याची थकबाकी आणि युनिव्हर्सल क्रेडिट : एका मोफत सल्ला केंद्राचे परीक्षण

इंग्लंडच्या मिडलँड्स भागातील आमच्या शहरात एका धर्मादाय संस्थेतर्फे सरकारी भत्त्यांविषयी मोफत सल्ला देणारे केंद्र चालते. माझी थोरली बहीण आणि दाजी यांच्या कामासाठी मी या केंद्राची सेवा घेतली, आणि ज्या प्रश्नासाठी गेलो होतो तो प्रश्न ब्रिटनमधल्या बऱ्याच मराठी घरांत केव्हा ना केव्हा उभा राहणारा असल्यामुळे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. अशी केंद्रे ब्रिटनच्या बहुतेक शहरांत वेगवेगळ्या नावांनी चालतात, आणि त्यांतील चांगले कोणते हे कशावरून ओळखावे, ते सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रश्न असा होता. ताईंना संधिवाताचा तीव्र त्रास आहे. त्यांनी पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘पिप’ म्हणतात, त्या अपंगत्व भत्त्यासाठी अर्ज केला होता. तो नामंजूर झाला, फेरविचारातही नामंजूर झाला आणि शेवटी अपील ऐकणाऱ्या ट्रायब्युनलने ताईंच्या बाजूने निकाल दिला. यात नवल काही नाही. सुनावणीपर्यंत पोहोचणाऱ्या पिपच्या अपिलांपैकी निम्म्याहून अधिक अपिले अर्जदार जिंकतात, ही गोष्ट त्या भत्त्याच्या पहिल्या निर्णयांविषयी पुरेसे सांगून जाते. निकालानंतर मूळ अर्जाच्या तारखेपासूनची सगळी थकबाकी, सुमारे ८,३०० पौंड, ताईंच्या खात्यात एकरकमी जमा झाली. आनंद झालाच, पण त्याच रात्री दाजींनी विचारले, “आता हे युनिव्हर्सल क्रेडिटवाले आपले पैसे कापणार का?”

भीती अनाठायी नव्हती. पिप स्वतः उत्पन्न किंवा बचत बघून मिळत नाही आणि त्यावर करही लागत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना दरमहा मिळणारा सरकारी भत्ता, मात्र पूर्णपणे उत्पन्न आणि बचतीवर अवलंबून आहे. जोडप्याची एकत्रित बचत ६,००० पौंडांपर्यंत असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते, १६,००० पौंडांच्या वर गेली तर हक्कच संपतो, आणि या दोहोंच्या मधल्या प्रत्येक २५० पौंडांमागे, किंवा त्याच्या भागामागे, दरमहा ४.३५ पौंडांचे काल्पनिक उत्पन्न धरून तेवढी रक्कम कापली जाते. ताई-दाजींची आधीची बचत ४,५०० पौंड होती. त्यात थकबाकी मिळवली तर १२,८०० होतात. म्हणजे मर्यादेच्या वर ६,८०० पौंड, अठ्ठावीस टप्पे आणि महिन्याला १२१.८० पौंडांची कपात. मी घरी वापरून पाहिलेल्या एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरने बचतीचा एकच आकडा विचारला आणि नेमके हेच उत्तर दिले.

सल्ला केंद्रातल्या अनुभवी बाईंनी हे उत्तर दुसऱ्या भेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत खोडून काढले, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल तिथेच आहे. त्यांनी बँकेचे स्टेटमेंट बाजूला ठेवले, थकबाकीचे पत्र मागितले आणि त्यातील ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ ही ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली. मग एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारून डावीकडे ‘कोणता पैसा, कोणत्या काळाचा’ आणि उजवीकडे ‘कुठे मोजला जाईल, कधीपासून’ असे दोन रकाने केले. पुढची सगळी चर्चा त्या कागदावरच झाली आणि शेवटी त्याची प्रत आमच्या हातात दिली गेली.

पहिली ओळ पिपच्या थकबाकीची होती. युनिव्हर्सल क्रेडिटच्या २०१३च्या नियमावलीनुसार, जो भत्ता उत्पन्न म्हणून मोजला जात नाही त्याची थकबाकी मिळाल्या दिवसापासून बारा महिने बचत म्हणूनही मोजली जात नाही. पिप या प्रकारात बसतो. म्हणजे ताईंच्या बाबतीत वर्षभर कपात शून्य. बारा महिन्यांनंतर त्यातले जे उरले असेल ते मात्र साध्या बचतीसारखे धरले जाते. समजा, त्या दिवशी थकबाकीतले ५,००० पौंड शिल्लक आहेत आणि आधीची बचत तशीच आहे, तर ९,५०० पौंडांवर महिन्याला ६०.९० पौंड कापले जातील. हा हिशेब त्यांनी आमच्यासमोर मांडला आणि वर्षाच्या शेवटची तारीख कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिली. थकबाकी दोन हप्त्यांत आली तर प्रत्येक हप्त्याचे वर्ष वेगळे धरायचे, आणि ही रक्कम घरखर्चाच्या खात्यात मिसळू न देता वेगळ्या खात्यात ठेवायची, म्हणजे पुढे कोणी विचारले तर कोणता पैसा कुठला हे दाखवता येते, हेही त्यांनी सांगितले. रक्कम मोजली जाणार नसली तरी ती आल्याचे युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये पत्रासह कळवून ठेवावे, हा त्यांचा आग्रह मला पटला. खात्यात अचानक फुगलेली शिल्लक सरकारला आपल्याकडून आधी कळलेली बरी.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी दाजींना सांगितले होते की ५,००० पौंडांवरची थकबाकी कायमची माफ असते. ही ऐकीव माहिती अर्धवट आहे. तशी सवलत खरोखर आहे, पण ती थकबाकी भत्ते देणाऱ्या सरकारी खात्याच्या चुकीमुळे किंवा कायद्याचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे निर्माण झाली असेल तरच मिळते. मग ती रक्कम बारा महिने किंवा चालू दावा संपेपर्यंत, यांपैकी जे उशिरा येईल तोपर्यंत, मोजली जात नाही. या सवलतीमागे मोठे प्रकरण आहे. २०११पासून, आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्यांसाठीच्या जुन्या इनकॅपॅसिटी बेनिफिटवरील लोकांना त्याच्या जागी आलेल्या एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्सवर आणताना कित्येकांना हक्काची रक्कम कमी दिली गेली. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने मार्च २०१८मध्ये त्याचा अहवाल दिला, तेव्हा खात्याचाच अंदाज ७०,००० लोकांचा होता. काही वर्षांची थकबाकी एकदम हाती आल्याने त्याच लोकांचे बाकीचे भत्ते बंद पडू लागले असते, म्हणून सप्टेंबर २०१८पासून नियम बदलले. ट्रायब्युनलमध्ये जिंकणे म्हणजे खात्याची ‘अधिकृत चूक’ सिद्ध होणे मात्र नव्हे. पुरावे पाहून वेगळे मत होणे आणि अधिकाऱ्याने चूक करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. सल्लागार बाईंनी ताईंचे निकालपत्र पूर्ण वाचून ही सवलत आम्हाला लागू होत नाही असे स्पष्ट सांगितले. ग्राहकाला गोड वाटेल ते न सांगण्याचा हा गुण मला मोलाचा वाटतो.

दुसऱ्या ओळीने आम्हाला खरा धक्का दिला, तोही सुखद. थकबाकीमुळे काय जाईल याच चिंतेत आम्ही होतो; काय वाढेल याचा विचार कोणी केला नव्हता. पिपचा डेली लिव्हिंग, म्हणजे रोजच्या कामांतील मदतीसाठीचा, घटक मंजूर झाल्यामुळे, आठवड्याला पस्तीस तासांहून अधिक ताईंची काळजी घेणारे दाजी युनिव्हर्सल क्रेडिटमधील केअरर घटकाला, म्हणजे काळजी घेणाऱ्यासाठीच्या जादा रकमेला, पात्र ठरत होते. २०२५-२६च्या दराने हा घटक महिन्याला २०१.६८ पौंडांचा होता. दुसऱ्या भत्त्याचा हक्क सुरू झाल्यामुळे युनिव्हर्सल क्रेडिट वाढत असेल तर ती वाढही, तो हक्क ज्या महिन्यात सुरू झाला त्या मूल्यांकन-कालावधीच्या, म्हणजे हिशेबाच्या महिन्याच्या, आरंभापासून मागता येते. आमच्या बाबतीत ही जवळपास २,८०० पौंडांची वेगळी थकबाकी ठरली, आणि युनिव्हर्सल क्रेडिटची थकबाकी असल्याने तीही बारा महिने बचतीत मोजली जाणार नव्हती. ही वाढ आपोआप मिळेल या भरवशावर बसू नये, जर्नलमध्ये तारखांसह लेखी मागणी करावी, असे सांगून त्यांनी त्या मागणीचा मसुदाच तयार करून दिला. दाजींवर तोपर्यंत नोकरी शोधल्याचे पुरावे देण्याची जी सक्ती होती, तीही या घटकामुळे सुटली. पिप घेणाऱ्या कुटुंबाला भत्त्यांवरची एकूण कमाल मर्यादा लागू होत नाही, तेव्हा मागच्या काळात त्या मर्यादेपोटी काही कापले गेले असेल तर तेही तपासून घ्यावे, ही सूचना त्यांनी जाता जाता केली. आमचा तो प्रश्न नव्हता.

केअरर्स अलाउन्स या काळजी घेणाऱ्याच्या स्वतंत्र भत्त्याच्या बाबतीत मात्र गणित उलटे फिरते, आणि इथे बरेच लोक गोंधळतात. पिप मंजूर झाल्याच्या निर्णयापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज केला तर केअरर्स अलाउन्स पिपच्या आरंभापर्यंत मागे नेता येतो. २०२५-२६च्या दराने, आठवड्याला ८३.३० पौंडांप्रमाणे, साठेक आठवड्यांचा आकडा पाच हजारांच्या घरात जातो आणि डोळे दिपतात. परंतु केअरर्स अलाउन्स हे युनिव्हर्सल क्रेडिटच्या दृष्टीने उत्पन्न आहे आणि ते पौंडाला पौंड वजा होते. त्यामुळे ज्या महिन्यांचे युनिव्हर्सल क्रेडिट आधीच दिले गेले आहे, त्या महिन्यांपुरती केअरर्स अलाउन्सची थकबाकी बव्हंशी त्यातच वळती करून घेतली जाते. ताईंची थकबाकी आणि दाजींची थकबाकी एकाच घरात, एकाच निर्णयामुळे, एकाच काळासाठी येऊनही त्यांना लागू होणारे नियम इतके वेगळे असतात, हे त्या दोन रकान्यांच्या कागदाशिवाय आमच्या ध्यानात आले असते असे वाटत नाही. केअरर घटक मिळण्यासाठी केअरर्स अलाउन्सचा अर्ज करावाच लागतो असेही नाही. आमच्या परिस्थितीत दोन्हींचा एकत्रित फायदा नगण्य आहे, असे बाईंनी आकडे मांडून दाखवले आणि निर्णय आमच्यावर सोपवला.

खर्चाविषयीचा सल्ला मला विशेष वाटला, कारण आपल्याकडच्या रीतिभाती इथे थेट आड येतात. कर्ज फेडणे किंवा आपल्या परिस्थितीत रास्त ठरेल अशी वस्तू वा सेवा विकत घेणे, यांना युनिव्हर्सल क्रेडिटच्या नियमांत आडकाठी नाही. ताईंनी जुने क्रेडिट कार्ड फेडले, उठता-बसता येईल अशी उंच खुर्ची आणि न्हाणीघरातली बदललेली व्यवस्था यांवर पैसे घातले. यात शंका घेण्यासारखे काही नव्हते. पण जास्त भत्ता मिळावा म्हणून बचत कमी करणे हा ‘मुद्दाम केलेला त्याग’ ठरतो, आणि मग दिलेले पैसे अजून आपल्याकडेच आहेत असे धरून हिशेब होतो. वर्ष संपत आले म्हणून कोल्हापूरला पुतण्याच्या लग्नात दोन-तीन हजार पौंडांचा आहेर पाठवणे, किंवा भावाच्या नावे रक्कम ‘ठेवायला’ देणे, हे आपल्या दृष्टीने कितीही निर्मळ असले तरी खात्याला तसे दिसेलच असे नाही. उसने दिलेले पैसे तर येणे म्हणून आपल्याच बचतीत धरले जाऊ शकतात.

आता उणिवा. पहिल्या भेटीत आम्हाला भेटलेल्या तरुण सल्लागाराने भारतातील मालमत्तेविषयी चकार शब्द काढला नाही. मराठी कुटुंबासाठी ही फार मोठी त्रुटी आहे. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जगात कुठेही असलेली बचत मोजली जाते. बँकेतली मुदत ठेव, पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, वडिलोपार्जित जमिनीतला वाटा, सगळे त्यात येते. थकबाकी बारा महिने बाजूला राहील, पण आधीची बचत भारतातील मालमत्तेसह १६,०००च्या वर असेल तर मूळ हक्काचाच प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या भेटीत अनुभवी बाईंनी हे विचारले, तेव्हा ताईंनी सातबारा उतारा काढला. त्यावर आई, दोन चुलते आणि आम्ही भावंडे अशी नावांची रांग होती. बाईंना मराठी येत नव्हते, मी वाचून दाखवले. अविभक्त वाट्याची किंमत म्हणजे एकूण जमिनीचा सरळ भागाकार नव्हे, तो वाटा आजच्या स्थितीत त्या देशात विकला तर काय येईल हे पाहायचे, विक्रीचा खर्च होणार असेल तर दहा टक्के आणि बोजा असेल तर तोही वजा करायचा, असे त्यांनी समजावले. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही आणि वाटणी न झालेल्या तुकड्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण, या गोष्टी मी सांगितल्यावर त्यांनी त्या टिपून घेतल्या आणि स्थानिक मूल्यांकनाचे पत्र मागवायला सांगितले. हा प्रश्न पहिल्याच भेटीच्या छापील प्रश्नावलीत असायला हवा होता. केंद्रात गुजराती, पंजाबी आणि हिंदीचे दुभाषे मिळतात, मराठीचा नाही. ताईंना हिंदीत भागवता आले, पण सातबारा हिंदीत समजावणे हा प्रकारच वेगळा आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. स्थानिक कौन्सिलकडून घरी मदतनीस येत असतील तर त्याचे शुल्क ठरवण्याची चाचणी वेगळी असते. इंग्लंडमध्ये तिथे बचतीच्या मर्यादा १४,२५० आणि २३,२५० पौंड अशा आहेत, आणि युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये उत्पन्न न धरला जाणारा पिपचा डेली लिव्हिंग घटक या चाचणीत उत्पन्न म्हणून धरता येतो; मोबिलिटी, म्हणजे हिंडण्याफिरण्यासाठीचा, घटक तेवढा वगळला जातो. म्हणजे एका दाराने आत आलेला भत्ता दुसऱ्या दाराने काही प्रमाणात बाहेर जाऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे अपंगत्वामुळे होणारे जादा खर्च, जसे हीटिंग, कपडे धुणे, खास आहार, पावत्यांसह मांडून ते उत्पन्नातून वजा करून घेणे. हे सगळे मला केंद्राने सांगितले नाही. “ते कौन्सिलच्या फायनान्स विभागाला विचारा,” एवढेच उत्तर मिळाले. शुल्क लावणाऱ्यालाच शुल्क कमी कसे करावे हे विचारायला सांगणे मला पटलेले नाही. कौन्सिल टॅक्समधील सवलतीबाबतही असेच त्रोटक उत्तर आले, पण तिथे काम करत्या वयाच्या लोकांसाठी प्रत्येक कौन्सिलची योजना निराळी असल्याने ते समजण्यासारखे आहे.

ज्येष्ठांसाठी या केंद्रात आठवड्यातून एक सकाळ राखीव असते. निवृत्तिवेतनाचे वय झालेल्यांना पिपसाठी नव्याने अर्ज करता येत नाही, त्यांच्यासाठी अटेंडन्स अलाउन्स आहे, २०२५-२६च्या दराने आठवड्याला ७३.९० किंवा ११०.४० पौंड. त्याच्या थकबाकीलाही पेन्शन क्रेडिटमध्ये, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठीच्या भत्त्यात, वर्षभर सूट मिळते. तिथे १०,००० पौंडांपर्यंतची बचत सोडून दिली जाते, त्यापुढील प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड धरला जातो आणि वरची मर्यादाच नाही. मात्र ज्यांनी आई-वडिलांना अवलंबित म्हणून व्हिसावर आणले आहे, त्यांनी पाच वर्षे त्यांच्या पालनपोषणाची लेखी हमी दिलेली असते आणि त्या काळात युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट असे उत्पन्न बघून मिळणारे भत्ते त्यांना सहसा मिळत नाहीत.  वर्क व्हिसावरच्या तरुण कुटुंबांना तर सार्वजनिक निधीला, म्हणजे पिप, अटेंडन्स अलाउन्स, युनिव्हर्सल क्रेडिट अशा भत्त्यांना, सहसा हात लावता येत नाही. व्हिसाची स्थिती विचारल्याशिवाय अर्ज भरायला बसवणारे केंद्र भेटले तर तिथून उठावे. आमच्या केंद्राने हा प्रश्न सर्वांत आधी विचारला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

एकूण मत असे, की केंद्र जाण्यासारखे आहे, परंतु पहिल्या भेटीवर समाधान मानू नये आणि शक्य असल्यास भत्त्यांच्या कायद्यातील अनुभवी सल्लागाराचीच वेळ मागावी. भेटीसाठी कित्येक आठवडे थांबावे लागते आणि फोन लागणे हे वेगळेच दिव्य आहे. त्यामुळे थकबाकीचे पत्र हाती आले आहे हे पहिल्याच फोनवर सांगावे, कारण केअरर्स अलाउन्सच्या तीन महिन्यांची मुदत त्या पत्रातील निर्णयाच्या तारखेपासून चालू झालेली असते आणि केंद्राकडे अशा मुदतीच्या कामांसाठी भेटीच्या काही वेळा राखून ठेवलेल्या असतात. जाताना निर्णयाचे पूर्ण पत्र, त्या काळातील युनिव्हर्सल क्रेडिटची महिनावार विवरणे, व्हिसाचा पुरावा आणि भारतात जे काही आपल्या नावावर आहे त्याचे कागद बरोबर न्यावेत, मग ते कुणी मागितलेले असोत वा नसोत.